दाढ किडते म्हणजे काय आणि दंतवैद्य तिच्यावर काय उपचार करतात: पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढणाऱ्यांसाठी

दाढेचा ठणका बहुधा रात्री वाढतो. दिवसभर नुसती कुरकुरणारी दाढ आडवे होताच कानशिलापर्यंत कळा मारू लागते, कारण झोपल्यावर डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो आणि दाढेच्या कठीण कवचात कोंडलेल्या, आधीच सुजलेल्या गराला फुगायला जागा नसते. मग दाताखाली लवंग धरणे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करणे, घरात सापडेल ती वेदनाशामक गोळी घेणे असे सारे उपाय होतात आणि सकाळी दवाखान्यात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "डॉक्टर, काढावीच लागेल का?" ज्यांनी आजवर दंतवैद्याच्या खुर्चीत बसणे टाळले आहे किंवा ज्यांना तशी वेळच आलेली नाही, त्यांना या प्रश्नाच्या आधी आणि नंतर काय घडते ते क्रमाने सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी. वेदना हे किडीचे उशिराचे लक्षण आहे. ठणका लागण्याआधी ती दाढ कित्येक महिने, अनेकदा काही वर्षे, मुळीच न दुखता किडत असते, आणि याच काळात तिच्यावरचा उपचार सर्वांत सोपा, सर्वांत कमी खर्चाचा आणि पुष्कळदा इंजेक्शनशिवाय होणारा असतो.

दाताच्या आत काय असते

पुढचे सारे उपचार समजण्यासाठी दाताचे तीन थर माहीत असावेत. सर्वांत बाहेरचे पांढरे, चकाकणारे कवच म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे त्याला संवेदना नसते आणि हाड जसे पुन्हा भरून येते तसे ते वाढूही शकत नाही. त्याच्या आत पिवळसर रंगाचे, थोडे मऊ डेंटिन असते. डेंटिनमध्ये सूक्ष्म नलिकांचे जाळे असते आणि त्या नलिका आतल्या गरापर्यंत पोहोचतात. हा गर म्हणजे पल्प. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, आणि बोलीत आपण ज्याला "दाढेची नस" म्हणतो ती हीच. गराचे धागे मुळांमधल्या अरुंद मार्गांतून खाली जबड्याच्या हाडापर्यंत जातात.

कीड बाहेरून आत याच क्रमाने जाते. ती कोणत्या थरापर्यंत पोहोचली आहे, यावरच उपचार ठरतो.

कीड म्हणजे किडा नव्हे

"दाढेला कीड लागली" हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत इतका रुळला आहे की दातात खरोखरच किडे असतात, अशी समजूत अनेक घरांत आजही आहे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले किडे पाडून दाखवणारी माणसे गावोगाव फिरत असत, आणि वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी ती धुरी घेतलेली असतेच. ही समजूत जगभर होती. प्राचीन मेसोपोटेमियातल्या लेखांतही दातातल्या किड्याचा उल्लेख आहे. अठराव्या शतकात पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली किडलेले दात तपासले, तेव्हा त्यांना असा किडा कुठेही आढळला नाही. पुढे १८९० मध्ये डब्ल्यू. डी. मिलर यांनी तोंडातले जिवाणू अन्नातल्या पिष्टापासून आणि साखरेपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लाने दात झिजतो, अशी मांडणी केली. १९२४ मध्ये किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जिवाणू वेगळा केला. किडीत इतरही जिवाणूंचा वाटा असतो, पण हे नाव आजही सर्वांत आधी घेतले जाते.

प्रत्यक्षात घडते ते असे. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली तर जो चिकट, बुळबुळीत थर लागतो, तो जिवाणूंचा असतो. आपण गोड खाल्ले की हे जिवाणू काही मिनिटांतच आम्ल तयार करतात. त्या थराखालचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) सुमारे ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागते. लाळ हे आम्ल हळूहळू निवळते आणि गेलेली खनिजे काही प्रमाणात परत बसवते, पण त्यासाठी तिला अर्ध्या ते एक तासाची उसंत लागते. कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर दात आंबतात तेव्हा आम्लाचा दातावरचा परिणाम आपल्याला लगेच जाणवतो. किडीत तोच प्रकार जिवाणूंच्या थराखाली, गाजावाजा न करता, दररोज अनेकदा होत असतो.

म्हणूनच गोड किती खाल्ले यापेक्षा ते किती वेळा खाल्ले याला अधिक महत्त्व आहे. जेवणात वाटीभर श्रीखंड खाणाऱ्याच्या दातांवर आम्लाचा एकच हल्ला होतो. कार्यालयात सकाळपासून संध्याकाळपर्यंत साखरेचा चहा सहा वेळा पिणारा, आणि तोही घोट घोट घेत बसणारा, आपल्या लाळेला सावरायला वेळच देत नाही. स्वीडनमधल्या विपेहोल्म येथील संस्थेत १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात मतिमंद रुग्णांना जेवणाच्या मधल्या वेळी चिकट टॉफी मुद्दाम खायला देऊन हे पडताळून पाहण्यात आले आणि त्यांचे दात भराभर किडले. त्या असहाय माणसांची संमती न घेता केलेला तो प्रयोग निंद्यच होता. पण मधल्या वेळचे, दाताला चिकटून राहणारे गोड सर्वांत घातक असते, हे ज्ञान त्यांच्या दातांच्या किमतीवर मिळाले आहे, म्हणून ते वाया जाऊ देऊ नये.

पहिली पायरी: घरी आरशासमोर पाहणे

दिवसाच्या उजेडात, दात घासल्यावर, मोबाइलचा दिवा आणि लहान आरसा घेऊन पाहावे. हिरडीच्या कडेला खडूसारखा पांढरा, चमक नसलेला पट्टा दिसतो का? दाढेच्या वरच्या बाजूच्या खाचांमध्ये तपकिरी किंवा काळी रेघ आहे का, आणि तिच्या भोवतीचा भाग करडा झाला आहे का? एकाच ठिकाणी दर जेवणानंतर अन्न अडकते का, धाग्याने दातांच्या फटी साफ करताना धागा एका जागी अडकून फाटतो का? थंड पाण्याने किंवा पेढ्याच्या एका तुकड्याने एखाद्या दाताला सणक येते का?

यातली प्रत्येक काळी रेघ म्हणजे कीड नसते. चहाचे, तंबाखूचे किंवा मशेरीचे डागही तसेच दिसतात, आणि चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्यामुळे मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी चट्टे उठतात, ती कीड नव्हे. निदान घरी करायचे नसते. कुठे शंका आहे एवढे टिपून ठेवायचे असते. सुई, पिन किंवा सेफ्टी पिनेने खाच टोकरून पाहू नये, कारण वरचा कमकुवत झालेला पण अजून भरून येऊ शकणारा पापुद्रा त्याने फुटतो.

दुसरी पायरी: कोणाकडे जावे आणि काय सांगावे

भारतात दंतवैद्यकाची किमान पदवी बीडीएस आहे आणि व्यवसाय करण्यासाठी राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करण्याचे काहीच कारण नाही. एमडीएस म्हणजे त्यापुढील विशेष शिक्षण. अवघड रूट कॅनालसाठी (दाढेच्या मुळातली पोकळी साफ करून भरण्याच्या उपचारासाठी) किंवा लहान मुलांसाठी त्या त्या शाखेचे तज्ज्ञ असतात. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर शासकीय आणि महापालिकेच्या दंत महाविद्यालयांचा मार्ग खुला असतो. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे शिकणारे डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. तिथे वेळ जास्त जातो आणि फेऱ्या अधिक पडतात, परंतु उपचाराची प्रत्येक पायरी दुसऱ्या अनुभवी डोळ्यांखालून जाते, हा माझ्या मते मोठा फायदा आहे.

खुर्चीत बसण्याआधी आपली प्रकृती सांगितलीच पाहिजे: मधुमेह, रक्तदाब, हृदयाची कृत्रिम झडप, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडांच्या ठिसूळपणावरची औषधे, गर्भारपण, कोणत्याही औषधाची ॲलर्जी. "दाताचेच तर काम आहे" असे म्हणून अनेक जण हे सांगत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी मात्र कोणाच्या सांगण्यावरून किंवा स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती कधी, किती आणि बंद करायची की नाही, हे ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांशी बोलूनच ठरते.

दुखण्याचे वर्णन नेमके करावे, कारण त्यावरून निम्मे निदान होते. थंड लागल्यावर सणक येते आणि काही क्षणांत जाते, की मिनिटभर रेंगाळते? गरम चहाने दुखते का? झोपेतून जाग येते का? चावताना एकाच दाढेवर दुखते का? काही क्षणांत ओसरणारी सणक बहुधा असे सांगते की गर अजून सावरू शकेल. आपोआप उठणारी आणि रेंगाळणारी कळ सांगते की तो सावरण्याच्या पलीकडे गेला असावा.

तिसरी पायरी: तपासणी

डॉक्टर लहान आरशाने पाहतात आणि हवेच्या झोताने दात कोरडा करतात. ही कृती क्षुल्लक वाटते, पण ती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. ओला असताना अगदी निरोगी दिसणारा दात कोरडा होताच त्याच्यावर खडूसारखा पांढरा ठिपका उमटतो. इनॅमलमधली खनिजे गेल्याने पडलेल्या सूक्ष्म छिद्रांत पाण्याऐवजी हवा शिरते, प्रकाश वेगळ्या रीतीने परततो आणि कीड आपले पहिले रूप दाखवते. आपल्या दातावर असा ठिपका असेल तर आरसा मागून घ्यावा आणि स्वतः पाहावा. हा टप्पा अजून परतीचा आहे.

दोन दातांच्या मधली कीड वरून दिसत नाही, म्हणून लहान एक्स-रे काढतात. दवाखान्यात त्याला बहुतेक वेळा आरव्हीजी म्हणतात. तोंडात एक छोटा पट्ट्यासारखा सेन्सर धरायचा असतो आणि चित्र लगेच संगणकावर येते. किडलेला भाग चित्रात काळसर दिसतो. याची किरणमात्रा फार थोडी असते, तरी गर्भवती असल्यास किंवा शंका असल्यास आधी सांगावे. याशिवाय डॉक्टर दातावर थंड बोळा लावून पाहतात आणि आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकून पाहतात. ठोकल्यावर दुखले तर सूज मुळाच्या टोकापर्यंत पोहोचली असण्याची शक्यता असते.

तपासणी संपल्यावर, उपचार सुरू होण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: कीड कोणत्या थरापर्यंत आहे, यावर कोणकोणते उपचार शक्य आहेत, आणि कॅप (दाढेवर बसवायचे टोपण) धरून एकूण खर्च किती. अनेकदा केवळ रूट कॅनालचा आकडा कानावर पडतो आणि कॅपचा खर्च नंतर कळतो, त्यातून गैरसमज होतात.

चौथी पायरी: जितकी खोल कीड, तितका उपचार

कीड इनॅमलच्या पृष्ठभागाखालीच असेल आणि खड्डा पडलेला नसेल, तर कोरण्याची गरज नसते. फ्लोराइडचे वॉर्निश, म्हणजे पातळ लेप, लावतात, घासण्याची पद्धत सुधारतात, गोडाच्या वेळा कमी करायला सांगतात आणि काही महिन्यांनी पुन्हा पाहतात. फ्लोराइडमुळे परत बसणारे खनिज आम्लाला सहजासहजी दाद देत नाही, त्यामुळे कीड तिथेच थांबू शकते. असा सल्ला मिळाला की काही रुग्णांना डॉक्टरांनी काहीच केले नाही असे वाटते. माझ्या दृष्टीने हा सर्वांत चांगला निकाल आहे.

कीड डेंटिनमध्ये शिरली आणि खड्डा पडला की भरणे आले, म्हणजेच फिलिंग. खोल खड्डा असेल तर हिरडीजवळ बधिर करणारे इंजेक्शन देतात. त्यातले लिग्नोकेन हे औषध १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये तयार झाले आणि आज बहुतेक दवाखान्यांत तेच वापरतात. टोचणे क्षणभर जाणवते, नंतर ओठ जड होतो. मग किडलेला मऊ भाग काढतात. पूर्वी थोडीही कीड मागे ठेवत नसत. आता गराच्या अगदी जवळचा थोडा मऊ थर तसाच ठेवून वरून घट्ट बंद करण्याची पद्धत मान्य आहे, कारण तो खरवडताना गर उघडा पडण्याचा धोका अधिक असतो आणि अन्न तुटलेले जिवाणू आत निष्प्रभ होतात.

भरण्याचे साहित्य तीन प्रकारचे असते. ज्याला लोक "चांदी भरणे" म्हणतात त्या मिश्रणात चांदी, कथील आणि तांबे यांच्याबरोबर वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. ते टिकाऊ आहे, पण पाऱ्याच्या पर्यावरणावरील परिणामामुळे त्याचा वापर जगभर कमी केला जात आहे. यासंबंधीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. तोंडात जुनी चांदी घट्ट बसलेली असेल तर केवळ भीतीपोटी ती काढून घेण्याची गरज नाही. दुसरे दाताच्या रंगाचे कंपोझिट. ते बसवताना दात आधी आम्लाच्या जेलने किंचित खरबरीत करतात, धुऊन कोरडा करतात, चिकटद्रव्य लावतात आणि पातळ थर देत प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करतात. या सर्व वेळात दात कोरडा राहणे आवश्यक असते, म्हणून तोंडात रबराचा पातळ पडदा लावला किंवा कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या तर अवघडल्यासारखे वाटले तरी सहकार्य करावे. फिलिंगचे आयुष्य पुष्कळसे त्या कोरडेपणावर ठरते. तिसरे ग्लास आयनोमर सिमेंट, जे दाताला आपोआप चिकटते आणि थोडे थोडे फ्लोराइड सोडत राहते. चावण्याच्या जोरापुढे ते कमी टिकते, पण दुधाच्या दातांना आणि हिरडीखाली उघड्या पडलेल्या मुळांना ते उपयोगी पडते.

फिलिंगनंतर चावताना तीच जागा आधी टेकते असे वाटले, तर "सवय होईल" म्हणून थांबू नये. परत जाऊन उंच भाग घासून घ्यावा. हे पाच मिनिटांचे काम आहे आणि ते न केल्यास चांगली दाढही दुखत राहते.

रूट कॅनाल: भीती कशाची आणि काम कशाचे

माझ्या खालच्या उजव्या दाढेचा एक कोपरा फुटाणे खाताना तुटला. त्यानंतर आठ-दहा रात्री ती ठणकली आणि मग एके दिवशी दुखणे एकाएकी थांबले. मला ते बरे झाल्यासारखे वाटले आणि मी वर्षभर काहीच केले नाही. वास्तविक त्या दिवशी दाढेचा गर मेला होता. मेलेला गर दुखत नाही, पण त्यातला संसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतो. वर्षाने हिरडीवर मुगाच्या दाण्याएवढी पुळी आली, ती फुटली की तोंडात खारट, घाण चव येई, आणि एक्स-रेमध्ये मुळाखाली काळे वर्तुळ दिसले. मुरलेला संसर्ग असल्यामुळे मला एकाऐवजी तीन फेऱ्या कराव्या लागल्या. ठणकणारी दाढ औषधाशिवाय अचानक शांत झाली, तर त्याच आठवड्यात दवाखान्यात जावे, हे मी त्या वर्षभराच्या मोबदल्यात शिकलो.

रूट कॅनालमध्ये मुळाच्या आतली पोकळी साफ करतात. दाढ बधिर केल्यावर वरून लहान दार उघडतात आणि आतले मार्ग शोधतात. पुढच्या दाताला बहुधा एकच मार्ग असतो, खालच्या पहिल्या दाढेला बहुधा तीन, आणि वरच्या पहिल्या दाढेला पुष्कळदा चार, ज्यातला चौथा सापडणे कौशल्याचे काम असते. मुळाची लांबी मोजणारे एक लहान यंत्र असते. त्याची तार ओठाला अडकवलेली असते, फाइल नावाची बारीक सुई टोकाजवळ पोहोचू लागली की यंत्राचा टक-टक आवाज वाढत जातो आणि अखेर सलग होतो. मला त्या आवाजाने सुरुवातीला धास्ती वाटली होती; डॉक्टरांनी त्याचा अर्थ सांगितल्यावर तो दिलासा देणारा वाटू लागला. फाइलने मार्ग रुंद करतात, सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने पुन्हा पुन्हा धुतात, कागदाच्या बारीक काड्यांनी कोरडे करतात आणि गटापर्चा नावाच्या, झाडाच्या चिकापासून बनलेल्या पदार्थाने भरून टाकतात. काम एका बैठकीत होते किंवा दोन-तीन लागतात. नंतर दोन-तीन दिवस चावताना दुखणे स्वाभाविक आहे. दुखणे वाढत गेले किंवा सूज आली तर लगेच कळवावे.

दाढेवर रूट कॅनाल झाले की कॅप सहसा बसवावीच लागते. कीड आणि दार उघडणे यांत दाढेचा बराच भाग गेलेला असतो, उरलेल्या भिंती चावण्याच्या जोराने उभ्या तडकू शकतात, आणि तडा मुळापर्यंत गेला तर दाढ काढण्यावाचून मार्ग उरत नाही. पैसे वाचवण्यासाठी कॅप टाळणारे नेमके त्याच रूट कॅनालचे पैसे गमावतात. कॅप धातूची, धातूवर सिरॅमिक चढवलेली किंवा झिर्कोनिया या कठीण, पांढऱ्या सिरॅमिकची असते. मागच्या दाढेला धातूचीही उत्तम टिकते, दिसण्याचा प्रश्न असेल तरच महागाचा विचार करावा.

वरचा दात काढला किंवा त्याचे रूट कॅनाल केले तर डोळे जातात, ही भीती मला अनेक वयस्क मंडळींकडून ऐकायला मिळते. दातांच्या आणि दृष्टीच्या मज्जातंतूंचा मार्ग वेगळा असतो आणि या उपचाराने नजर कमी होत नाही. ही भीती मनात धरून संसर्ग तोंडात बाळगणे खऱ्या धोक्याचे असते.

काढावी लागली तर

दाढेचा बहुतेक भाग हिरडीखाली तुटला असेल, मूळ उभे तडकले असेल किंवा हाडाचा आधार गेला असेल तर काढणे योग्य ठरते. बधिर केल्यावर दाब आणि हालचाल जाणवते, तीव्र वेदना होऊ नये. झाली तर हात वर करून थांबवावे. नंतर कापसाचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरायचा. जखमेत तयार झालेली रक्ताची गुठळी हेच तिचे नैसर्गिक आवरण असते, म्हणून पहिले चोवीस तास थुंकणे, चूळ भरणे, स्ट्रॉने पिणे, गरम खाणे आणि तंबाखू-विडी टाळावी. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार चुळा भराव्यात. दोन ते चार दिवसांनी कानाकडे जाणारी जोराची कळ सुरू झाली तर गुठळी निघून गेली असण्याची शक्यता असते. डॉक्टर तिथे औषध भरून आराम देतात. मोकळी जागा वर्षानुवर्षे तशीच ठेवली तर शेजारचे दात कलतात आणि समोरचा दात त्या जागेत उतरतो, म्हणून ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारावर बसवलेला दात), इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात) किंवा काढता-घालता येणारा दात यांचा विचार लवकर करावा.

एक सूचना येथेच द्यायला हवी. जबड्याखाली किंवा गालावर वाढत जाणारी सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवू नये, तिथली त्वचा भाजते. लवंगेच्या तेलाने रात्र निभावता येते, कीड थांबत नाही. आणि उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत; सुजलेल्या गराच्या ठणक्यावर त्यांचा उपयोगच नसतो, उपाय दाढेत हात घालून करावा लागतो.

घरचे काम

दिवसातून दोनदा, त्यातही रात्री झोपण्यापूर्वी, मऊ ब्रशने दोन मिनिटे दात घासावेत. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचे घासणे चुकवू नये. पेस्ट फ्लोराइडची असावी. आपल्याकडील नियमानुसार टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) असू शकते आणि त्याचे प्रमाण ट्यूबवर छापावे लागते. घासल्यावर फेस थुंकावा, पण लगेच पाण्याने खळखळून चूळ भरू नये, नाहीतर दातावर राहायला हवे ते फ्लोराइड वाहून जाते. राखुंडी, कोळसा आणि विटेची पूड यांनी इनॅमल झिजते. मशेरीत तर तंबाखू असते. तिने हिरड्या बिघडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. "मशेरीने दाढ दुखायची थांबते" असे सांगणाऱ्या घरातल्या बायकांना रागावण्यापेक्षा त्यांची ती दुखणारी दाढ आधी दाखवून आणावी, म्हणजे मशेरी सोडण्यातला एक अडसर कमी होतो.

सहा वर्षांची दाढ

आता मुलांविषयी, कारण सर्वांत मोठी चूक येथे होते. मूल सुमारे सहा वर्षांचे झाले की दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, कोणताही दात न पडता, एक नवी दाढ येते. दात पडलेला नसल्यामुळे आईवडील तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी "पडेलच की" म्हणून सोडून देतात. ती कायमची दाढ असते आणि आयुष्यभर तीच वापरायची असते. चारही कोपऱ्यांत अशी एक एक येते. उगवताना ती अर्धवट हिरडीखाली, इतर दातांपेक्षा खाली असते, त्यामुळे ब्रश तिच्यावरून न लागताच जातो, आणि तिच्या खाचा खोल व अरुंद असतात.

तिच्यासाठी सीलंट हा उपचार आहे. दाढ निरोगी असतानाच तिच्या खाचा स्वच्छ करून त्यांत पातळ राळेसारखा पदार्थ ओततात आणि प्रकाशाने कडक करतात. त्यासाठी कोरावे लागत नाही आणि इंजेक्शनही लागत नाही. दाढ पूर्ण वर आली की लवकरात लवकर हे करून घ्यावे.

दुधाच्या दातांनाही उपचार हवेच असतात, कारण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहतात, चावण्याचे काम करतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा राखतात. बाळाला झोपताना साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नये. वरचे पुढचे दात याच सवयीने सर्वांत आधी किडतात. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला स्वतःला नीट घासता येत नाही, म्हणून रात्री पालकांनी त्याच्या मागे उभे राहावे, त्याचे डोके आपल्या छातीला टेकवावे, एका बोटाने गाल बाजूला धरावा आणि ब्रश आडवा धरून सर्वांत मागच्या, अर्धवट उगवलेल्या दाढेवर मुद्दाम फिरवावा. बाराव्या वर्षाच्या आसपास तिच्याही मागे दुसरी कायमची दाढ उगवते. तेव्हा मूल स्वतः दात घासत असले तरी दिवा घेऊन तिची खाच एकदा पाहावी आणि सीलंटसाठी पुन्हा वेळ घ्यावी.